अर्धी गोळी जास्त

ढोल्याचं दुखणं जन्माचं निघालं. "याच्या शरीरात ताण सोसायचं संप्रेरकच तयार होत नाही," कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज एक गोळी, कायमची. आणि ताणाचा दिवस असेल, म्हणजे पाहुणे, प्रवास, घरातलं कुणी सोडून जाणं, तर सकाळीच अर्धी गोळी जास्त."

"मग आमच्या घरात गोळ्यांची डबी रोज उघडीच ठेवावी लागेल!" बाबा म्हणाले. आई हसली नाही. पण उपचार करायचेच, यावर दोघांचं एकमत झालं. कित्येक महिन्यांतलं पहिलं एकमत! त्यांच्या लेकीला, ठकीला, आभाळ ठेंगणं झालं.

रविवारी ती डोळे चोळत स्वयंपाकघरात आली, तर बाबा सुरीने दुसऱ्या गोळीचे दोन तुकडे करत होते. एक तुकडा त्यांनी ढोल्याला भरवला.

"बाबा, आज कोण येणारे?"

"कुणी नाही गं." ते ढोल्याच्या कानामागे खाजवत राहिले, वर काही बघेनात. दाराशी त्यांची मोठी बॅग भरून उभी होती.



ठकीने हात पुढे केला. "उरलेली अर्धी मला दे, बाबा."