बंदुकीचा आवाज

लेकीच्या, आरोहीच्या नेमबाजीच्या सरावासाठी महेश्वरअण्णांनी जुनी छऱ्याची बंदूक आणली होती. घरामागच्या बोळात ती वाजली की भिंतीपलीकडं सिद्धेश्वरीचं दोन महिन्यांचं बाळ दचकून रडायला लागायचं. सिद्धेश्वरी तक्रारीचा एक शब्द काढायची नाही, त्यामुळं अण्णांना जास्तच ओशाळल्यासारखं व्हायचं. ते टॉवेलच्या कारखान्यात फिटर. सुट्टीच्या दिवशी बंदूक खोलून बसले, आणि तिचा आवाज चुटकीएवढा करूनच उठले.

चौथ्या दिवशी सिद्धेश्वरी दारात आली. चेहरा पार उतरलेला.

“अण्णा, आरोहीनं सराव सोडला का?”

“न्हाय की. रोज चालू हाय.”

ती उंबऱ्यावरच बसली.

“दवाखान्यात म्हणाले होते, बाळाला ऐकू येत नसंल. पण तुमच्या बंदुकीला ते दचकायचं. तेवढ्यावर मी धीर धरून होते. कामाच्या नादात आवाजाकडं माझं लक्ष नसतं, पण चार दिवस झाले, बाळ दचकलंच न्हाय. टाळी वाजवून बघायला माझा हात उचलंना, अण्णा.”

“अगं, त्याची झोपमोड नको म्हणून मीच आवाज बारीक केलाय तिचा!”

सिद्धेश्वरीनं नकारार्थी मान हलवली. तिचा विश्वास बसत नव्हता. अण्णा आत गेले, स्वयंपाकघरातली मोठी परात घेऊन आले आणि फरशीवर सोडून दिली.

भिंतीपलीकडं बाळानं टाहो फोडला. सिद्धेश्वरी त्याला घ्यायला उठली नाही. अण्णाही तिच्याशेजारी टेकले, आणि दोघं ते रडणं ऐकत बसून राहिले.