बुधवारचा लेख

“मृत्युपत्र झालं, वाटप झालं, बांधाची मोजणी तर दोनदा झाली,” इब्राहिमभाई बोटांवर मोजत म्हणाले. “आता काय लिवता, साहेब?”

ॲडव्होकेट वाल्मिक दरंदल्यांसमोर लॅपटॉप उघडा होता आणि पान कोरं होतं. नेवाशात जमिनीचे वकील पैशाला पासरी. पण जमिनीच्या कायद्यावर दर बुधवारी ब्लॉग लिहिणारे हे एकटेच. सव्वातीन वर्षांत एक बुधवार चुकला नव्हता. पक्षकार यायचे ते ‘लेख वाचला, साहेब’ असं म्हणतच, आणि ते ऐकायची वकिलांना चटक लागली होती. पण विहिरीसारखा ज्ञानालाही तळ असतो, हे अलीकडे त्यांना दर मंगळवारी कळायचं.

“हक्कसोडावर न्हाई लिवलं तुमी अजून,” भाई म्हणाले. बावीस वर्षं ते इथे कारकून होते. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची सहीसुद्धा वाचता यायची नाही, पण कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात आहे ते बरोबर ठाऊक असायचं.

“त्यात काय लिहायचं? बहिणी भावासाठी हक्क सोडतात. रीतच आहे.”

“कशा सोडत्यात, ते लिवा की.”

वकिलांनी लॅपटॉप जवळ ओढला. मग लिहायला लागले, आणि नवल म्हणजे हात थांबेचना. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला आग्रहानं ठेवून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी ‘वारसनोंद करायचीय, तुझी सही लागते’ म्हणून रजिस्ट्रार कचेरीत न्यायचं. जाता जाता तिच्या आवडीची साडी घ्यायची, म्हणजे ती कागद वाचायच्या भानगडीत पडत नाही. सख्ख्या भावाचा कागद कोण वाचून बघतं? शेवटी त्यांनी ठणकावून सांगितलं, बहिणींनो, वाचल्याशिवाय सही करू नका. अशी सही घेतो तो भाऊ नव्हे, चोर.

“एवढं बारीक कसं सुचलं, साहेब?” भाईंनी चष्मा पुसत विचारलं.

“अनुभव,” वकील म्हणाले. “कमी प्रकरणं पाहिलीत का?”

जूनमधला तो लेख धो धो चालला. भाईंनी नेहमीप्रमाणे ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवला. दोन दिवसांनी लेखाखाली एक प्रश्न आला. नाव नव्हतं, ‘पारनेरची एक बहीण’ एवढंच. ‘माझी सही अशीच घेतली. नऊ वर्षं झाली. वडिलांची चार एकर होती, माहेरची माती म्हणायला तेवढीच. आता काही होतं का?’

पुढच्या बुधवारचा प्रश्न सुटला. ‘होतं,’ वकिलांनी लिहिलं. ‘फसवणूक ज्या दिवशी कळली, त्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावा.’

पुन्हा प्रश्न आला. कळल्याचा दिवस सिद्ध कसा करायचा? मग आणखी एक. साक्षीदार खरं सांगायला तयार असेल तर? ‘तर निम्मा दावा जिंकलात,’ वकिलांनी लिहिलं. मग, तोवर भावाशी कसं वागावं? ‘काही बोलू नका. सावध झालेला भाऊ जमीन विकून मोकळा होतो.’ एकेका प्रश्नावर एकेक बुधवार निघत गेला. वकिलांना इतकं भराभर कधीच सुचलं नव्हतं.

एकदा त्यांना शंका आली.

“इब्राहिमभाई, ही पारनेरची बहीण म्हणजे तुम्हीच ना? मला विषय मिळावा म्हणून?”

“मला एवढं शुद्ध लिवता येतं व्हय?”

वकील हसले. भाईच लिहीत असणार याची त्यांना जवळजवळ खात्री होती. पण बाई खरी असली तर, या विचारानं त्यांचं मन भरून यायचं. ‘ताई, त्या भावाची गय करू नका’ हे वाक्य लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचं त्यांना कौतुकही वाटलं.

दिवाळी झाली. अकोले तालुक्यात दिलेली त्यांची धाकटी बहीण जया या वेळी भाऊबीजेला आली नाही. लेकीची, निकिताची कॉलेजची परीक्षा आहे, म्हणाली. दरवर्षी तिच्या शेतातल्या तांदळाचं पोतं एसटीनं यायचं, तेही संक्रांत उलटली तरी आलं नव्हतं.

“विसरली असेल,” वकील म्हणाले.

“बाया असलं इसरत न्हाईत, साहेब.”

यात लेखाचा विषय काही दिसेना, म्हणून वकील पुन्हा लॅपटॉपकडे वळले. हा दोनशेवा लेख होता. आणि नेमकं पारनेरहून तीन आठवडे काहीच आलं नव्हतं. पान कोरं ते कोरंच होतं. बाईनं हाय खाल्ली असेल, नाहीतर भावाशी गोडीत मिटवलं असेल. बायकांना धीरच नसतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना तिचा रागही आला.

भाई टपाल फोडत होते. “रजिस्टरनं नोटीस आलीया. अकोल्याचा वकील हाय.”

“वाचा मोठ्यानं. विषय तरी मिळेल.”

भाईंचा चष्मा टेबलावरच राहिला. त्यांनी कागद समोर धरला आणि कुठेही न अडखळता म्हणून दाखवला.

“‘आमच्या अशील सौ. जया यांची हक्कसोडपत्रावरील सही आपण, म्हणजे त्यांचे सख्खे बंधू वाल्मिक दरंदले यांनी, वारसनोंदीच्या नावाखाली घेतली आहे. सदर फसवणूक आमच्या अशिलांना प्रथम समजली ती बुधवार, दिनांक ११ जून रोजी, आपण स्वतः लिहिलेल्या लेखावरून.’”