न उघडलेला फोल्डर

जाण्याआधी दिगंबररावांनी आपल्या सगळ्या आठवणी स्मृतिकेंद्रात साठवल्या होत्या. दर वर्षी त्यांच्या तिथीला पत्नी सुलभाबाई तिथे यायच्या, पडद्यावरच्या दिगंबररावांच्या नावाच्या फोल्डरला हात लावायच्या आणि तो न उघडताच घरी जायच्या. चांगली वस्तू वापरून संपवायची नाही, ही त्यांची जन्माची खोड. लग्नातली पैठणीसुद्धा घडीवरच विरली होती.

आज मात्र डॉक्टरांनी त्यांना जेमतेम दोन महिने सांगितले होते.

“उघड गं आता,” त्या केंद्रातल्या मृण्मयीला म्हणाल्या.

‘गोकर्णची सहल’, ‘पहिला पगार’, ‘सुलू रुसली तेव्हा’. आतले सगळे फोल्डर जागच्या जागी होते, पण एकातही काही नव्हतं.

“आजी, सात वर्षं न पाहिलेली आठवण यंत्र आपोआप पुसून टाकतं.”

“अगं, पण मी दर वर्षी हात लावत होते ना?”

“त्याने नुसते फोल्डर टिकले, आजी. आतली एकेक आठवण उघडून पाहावी लागते.”

सुलभाबाईंनी ‘सुलू रुसली तेव्हा’वर हलकेच बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘या फोल्डरची मुदत आणखी सात वर्षांनी वाढली आहे.’