दुसरा गट

"हिला पहिल्या गटात घाला," लोइस म्हणाला आणि बायकोसाठी, बुर्गीसाठी, खुर्चीही त्यानेच ओढली.

खाणावळीच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी गेर्लिंडे बसली होती. शेजारच्या खोऱ्यातली ही मार्गदर्शक बायकांना स्कीवरून डोंगरात न्यायची, जिथे वर चढवणारे पाळणे नाहीत आणि आखलेल्या वाटाही नाहीत. उद्यापासून तिचे दोन वर्ग सुरू व्हायचे होते. पहिला गट नवख्यांचा. चढ कसा चढायचा, बर्फाखाली कुणी गाडलं गेलं तर कसं शोधायचं, हे त्यात शिकायचं. दुसरा जाणत्यांचा. त्यात प्रत्येकीने आळीपाळीने पुढे व्हायचं, वाट निवडायची आणि बाकीच्यांनी तिच्या मागून जायचं.

"मला दुसरा हवाय," बुर्गी म्हणाली.

"अगं, दुपारपर्यंत रडकुंडीला येशील." लोइस गेर्लिंडेकडे वळला. "अहो, वीस वर्षं माझ्याबरोबर हिंडतेय ही. पाय चांगले आहेत, नाही म्हणत नाही. पण भित्री! गेल्या वर्षी काय केलं विचारा. शिखर अगदी नाकासमोर, आणि ही बर्फात फतकल मारून बसली. उठेचना! सगळ्यांना परत फिरावं लागलं. तेव्हापासून आमच्याकडे हिचं नावच पडलंय, 'बसकी'."

शेजारच्या टेबलावर हार्टविग एकटाच सूप पीत होता. त्या दिवशी तोही बरोबर होता. तो हसला.

बुर्गीच्या कानशिलांना चटका बसला. वर्षभर ही गोष्ट तिने सगळीकडे ऐकली होती. नणंदेच्या लग्नात, चर्चच्या दाराशी, बेकरीच्या रांगेत. दर वेळी तीही सगळ्यांबरोबर हसली होती.

"का बसलात?" गेर्लिंडेने विचारलं.

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं.

"पायाखालचा बर्फ खचला," बुर्गी म्हणाली. "वूम् असा आवाज आला, आतून. वाऱ्याने आणून टाकलेला ताजा थर होता वर. मी थांबा म्हणून ओरडले. पुन्हा ओरडले. एकानेही वळून बघितलं नाही. मग बसले."

"आणि त्या उतारावरून हिमलोट काही सुटला नाही!" लोइसने टेबलावर बोट आपटलं. "दुसऱ्या दिवशी शहरातली पोरं त्याच उतारावरून नाचत खाली आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

"नाही सुटला," बुर्गी म्हणाली. "खरं आहे ते."

गेर्लिंडे बुर्गीकडे वळली. मग म्हणाली, "सगळ्यांच्या पुढे किती वेळा चाललात? वाट तुम्ही काढलीत आणि हे मागून आले, असं?"

बुर्गीचा पारा चढला. "म्हणजे तुम्हीही त्याचीच री ओढताय! मी कधी कुणाच्या पायात आले नाही. कुणाला ताटकळत ठेवलं नाही. याचा गुडघा धरला तेव्हा याची पिशवीसुद्धा मी वाहून नेली."

"पायांचं विचारत नाहीये मी. कुठून जायचं, हे कोण ठरवायचं?"

"हाच."

"परत कधी फिरायचं?"

"हाच." बुर्गी थबकली. "तो एक दिवस सोडला तर."

"मग तेवढा एक दिवस तुमचा," गेर्लिंडे म्हणाली. "बाकीची वर्षं यांची. एका दिवसावर दुसरा गट झेपेल का, ते तुम्हीच सांगा."

"बघ!" लोइसने तिच्या खांद्यावर हात टाकला. "मी तरी वेगळं काय म्हणत होतो?"

तेवढ्यात हार्टविगने चमचा खाली ठेवला. "आवाज झाला होता, लोइस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मीही ऐकला होता."

लोइसचा हात खांद्यावरच राहिला. बुर्गी हळूहळू हार्टविगकडे वळली.

"ऐकला होतास? मग वर्षभर काय तोंड शिवलं होतंस?"

"त्यात काय एवढं? तू बसलीच होतीस की," हार्टविग म्हणाला. "परत फिरायचं झालंच होतं. मी कशाला मध्ये बोलू?"

बुर्गीने खांद्यावरचा हात झटकून टाकला आणि ती उभी राहिली. अख्खी खाणावळ वळून बघायला लागली, तरी तिने आवाज खाली आणला नाही.

"माझ्या आडोशाने खाली आलास, आणि मग यांच्यात बसून मलाच बसकी म्हणालास! आणि लोइस, तू! मी ओरडले ते तुला ऐकू आलं नाही, बसले तेवढं मात्र दिसलं. सकाळी मला सोडायला येऊ नकोस. मी बसने जाईन." ती गेर्लिंडेकडे वळली. "दुसरा गट."

"मग उद्या पहिल्या तुम्हीच पुढे," गेर्लिंडे म्हणाली.

सकाळी झाडी संपली तिथे गेर्लिंडे बाजूला झाली. समोर कोऱ्या बर्फाचा उतार होता, कुणाचीही खूण नसलेला. मागे बायका रांगेने उभ्या होत्या. कुणी हातमोजे सारखे करत होती, कुणी नुसतीच बघत होती. बुर्गीने वाऱ्याचा अंदाज घेतला, वरचा कडा न्याहाळला आणि डावीकडच्या खडकांच्या कडेने जायचं ठरवलं. तसं मोठ्याने सांगितलं. कुणी हसलं नाही. ती निघाली, आणि थोडं अंतर जाताच अडखळली. भरभर चालून धाप लागली होती, की पाय उगाच रेंगाळत होते? इतके हिवाळे ती समोरच्या पाठीच्या वेगाने चालत आली होती. आता समोर पाठ नव्हती, आणि आपली स्वतःची चाल जलद आहे की संथ, हेच तिला ठाऊक नव्हतं.