सीतेची आसवं

चष्मा लावताच बोडक्या पठारावर शंभर वर्षांपूर्वीची निळी फुलं पसरली. शाल्मलीने त्यांचं नाव जुन्या पुस्तकात वाचलं होतं: सीतेची आसवं. एकेक फूल चुकवत ती एकटीच चालू लागली.

"तुडवा बिनधास्त, ताई," चष्मे वाटणारे बाबरमामा हसले. "खाली नुसता कातळ आहे."

"कळतंय हो मामा, पण पाय धजत नाही."

परतताना तिने चष्मा काढला. फुलं नाहीशी झाली. कातळाच्या ओल्या खाचेत एक मात्र उरलं.

समोरून चष्मे लावलेला घोळका फुलं तुडवत येत होता. ती हात पसरून आडवी उभी राहिली.

"थांबा, हे खरंय!"

"भारीच," कुणीतरी म्हणालं, "आता चष्म्यात माणसंपण दिसतात!"

कुणाचाच पाय अडखळला नाही.