गॅरेजातला बाजार

“नवा क्लच थोडा ओरडतोच. रुळेल हळूहळू,” दिगंबर मिस्त्री म्हणाला.

“सासूही माझ्याबद्दल हेच म्हणायची. वीस वर्षांत रुळले नाही मी,” पारूबाई म्हणाली. पिकअपमध्ये बाजाराला न्यायच्या बकऱ्या होत्या. तिने मिस्त्रीलाच स्टिअरिंगवर बसवलं. “दाब क्लच.”

पेडल दाबताच गाडी किंचाळली. सोडताच गप्प झाली.

मिस्त्रीने मान खाली घातली. “प्लेट नवी टाकली, पण बेअरिंग जुनंच ठेवलं. वाटलं, चालेल. आता गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल, ताई.”

पारूबाईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, बकऱ्या त्याच्याच गॅरेजात बांधल्या आणि फोन करून गिऱ्हाइकं तिथंच बोलावली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बकऱ्या खपल्या. पिकअप चिडीचूप घराकडे निघाली आणि मिस्त्री लेंड्या झाडत बसला.