पुठ्ठ्यातली खिडकी

"चष्मा घरी राहिला, बाई," एल्विनकाका म्हणाले, आणि चॅपलच्या मागच्या खोलीत हशा पिकला.

मेरेरिद हसली नाही. "गेथिनला चष्मा नाहीच. वाच."

शाळेचं छत गळत होतं, म्हणून शिक्षकांचं प्रशिक्षण चॅपलमध्ये भरलं होतं. एकाने वाचनात अडलेलं मूल व्हायचं, दुसऱ्याने शिकवायचं, आणि मूल वाचेपर्यंत सोंग सोडायचं नाही, अशी पद्धत. मेरेरिदचा जोडीदार तापाने पडला होता. तेव्हा प्रशिक्षण देणाऱ्या कॅरिसने चहा घेऊन आलेल्या एल्विनकाकांनाच खुर्चीत बसवलं.

"वाचता न येणारा गेथिन व्हायचंय, काका. जमेल?"

"बघतो."

न जमायला काय झालं? चॅपलचे प्रवचनकार ते. रविवारी त्यांचं बोलणं सुरात कधी शिरे ते कळतच नसे, आणि एकदा शिरलं की दगडी भिंतींनाही देवाचं नाव फुटे. थंडीत त्यांच्या पत्नी बेतीकाकू गेल्या, तेव्हापासून मात्र ते जुनीच प्रवचनं गात. दुःखातला माणूस, म्हणून कोणी काही बोलत नसे.

मेरेरिदला आज हरायचं नव्हतं. तिच्या वर्गातला नऊ वर्षांचा गेथिन ईस्टरपर्यंत वाचू लागला नाही, तर त्याला दरीपलीकडच्या वेगळ्या शाळेत घालणार होते.

"पोट दुखतंय, बाई."

"दुखू दे. वाचलंस की थांबेल."

"हिच्यापुढे खरा गेथिनही टिकायचा नाही," मागून कोणी तरी म्हणालं.

तिने भजनाचा कागद पुढे सरकवला. काकांनी बोट ठेवलं आणि सबंध कडवं गायलं, एका शब्दाची चूक नाही. मागे दोघं-तिघं नकळत साथ देऊ लागली. मेरेरिदचं लक्ष बोटाकडे होतं. बोट ओळीच्या टोकाला पोचलं, तेव्हा आवाज अजून मध्यावरच होता.

"हुबेहूब गेथिन," ती पुटपुटली. "तोही मला असंच फसवतो."

तिने पुठ्ठ्याला खिडकी कापली, एकच शब्द दिसेल एवढी. ती कागदाच्या मधोमध ठेवली. "आता गाऊ नकोस. हा एवढाच."

काकांचं बोट खिडकीच्या कडेवरून फिरत राहिलं. कपाळावर घाम आला.

"काय अभिनय आहे," कॅरिस हळूच म्हणाली. "पुरे करू या का, मेरेरिद?"

"नाही."

तिने खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. पहिलं अक्षर स्वतः म्हटलं, दुसरं त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. ते चुकले. पुन्हा घेतलं. पुन्हा चुकले. चहा निवून गेला, तरी ती उठली नाही.

"दि... वा," काका म्हणाले. मग सावकाश, "दिवा."

टाळ्या पडल्या. काकांनी मान वर केली नाही. ते त्या खिडकीतच बघत राहिले.

कप विसळून एकेक जण निघाला. मेरेरिदने उद्या गेथिनसाठी म्हणून पुठ्ठा पिशवीत टाकला. "सोंग झकास वठवलंत, काका. खूप उपकार झाले."

ती खुर्च्या लावायला मागे राहिली. इतरांची शेवटची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत काका दारात थांबले. मग दार लोटून आत आले, व्यासपीठावरचं जाड बायबल तिच्यापुढे ठेवलं आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसले.

"दर शनिवारी बेती वाचून दाखवायची, बाई," ते म्हणाले. "पुढचा शब्द घ्या."